स्प्रिंगची ताठरता घड्याळाने मोजायची कशी

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका मित्राच्या कापडाच्या कारखान्यात डॉबीखालची स्प्रिंग तुटली. डॉबी म्हणजे ताण्याचे, म्हणजे उभे, धागे धरणाऱ्या फ्रेमा वर उचलणारी मागावरची यंत्रणा. माग जुना, सेकंडहँड घेतलेला. ड्रॉइंग नाही, कॅटलॉग नाही, आणि मूळ कंपनीचं नावसुद्धा रंगाखाली गेलेलं. मी ज्युनियर कॉलेजात फिजिक्सची प्रॅक्टिकलं घेतो हे त्याला माहीत होतं, म्हणून शेजारच्या मागाची एक शाबूत स्प्रिंग काढून त्याने माझ्या हातात दिली. म्हणाला, "सर, हिचं टेन्शन किती ते काढून द्या, तशा बारा बनवून घेतो."

मी स्प्रिंग टांगली, दोन किलो लावले, पट्टीने ताण, म्हणजे स्प्रिंग किती लांबली ते, मोजला. ३८ मिलिमीटर भरला. वजन भागिले ताण, उत्तर ५१५ न्यूटन प्रति मीटर. दोन मिनिटांत चिठ्ठी लिहून दिली. आठ दिवसांनी बारा स्प्रिंगा आल्या. आटे बरेच कमी, लांबी जुळावी म्हणून हुक लांब ओढलेले. जॉबरने, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्या कारागिराने, एक दोन हातांत धरून ओढली आणि मागाला न लावताच खाली ठेवली. "लई कडक आहे सर ही. फ्रेम उचलताना डॉबीच बसंल."

त्याचा हात बरोबर होता, माझा भागाकार चुकला होता. स्प्रिंगची खरी ताठरता ३३० निघाली. ती पुढे कशी काढली, आणि पहिल्यांदा कुठे घसरलो, ते इथे सविस्तर लिहितो. लागतं फार थोडं: वजन, टांगायला पक्की जागा आणि मोबाइलमधलं स्टॉपवॉच.

टेन्शन म्हणजे नेमकं काय विचारताय?

घोळाची सुरुवात शब्दापासून होते. वर्कशॉपात सगळ्यालाच 'टेन्शन' म्हणतात. पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक म्हणजे ताठरता, पुस्तकात जिला बलस्थिरांक म्हणतात: स्प्रिंग आणखी एक मिलिमीटर ताणायला आणखी किती जोर लागतो. दुसरी म्हणजे आटे एकमेकांना चिकटवून गुंडाळलेल्या स्प्रिंगेत मुळातच भरलेला जोर. ताणाच्या बऱ्याचशा स्प्रिंगा अशा घट्ट गुंडाळतात. या भरलेल्या जोराला सुरुवातीचा ताण म्हणू. तेवढा जोर लावेपर्यंत आटे उघडतच नाहीत.

माझ्या हातातल्या स्प्रिंगेला अर्धा किलो लावला तर ती ढिम्म हलत नव्हती. सातशे ग्रॅमच्या पुढे गेल्यावर कुठे आट्यांत फट दिसू लागली. म्हणजे दोन किलोंपैकी सातशे ग्रॅम आटे सोडवण्यातच खर्ची पडले, आणि ३८ मिलिमीटरचा ताण उरलेल्या तेराशे ग्रॅमचा होता. मी मात्र अख्ख्या दोन किलोंना भागत बसलो.

ही चूक पकडायची सोपी खूण आहे. तोच भागाकार वेगवेगळ्या वजनांवर करून पाहा. माझ्या स्प्रिंगेवर दीड किलोला ६३८, दोनला ५१५, अडीचला ४६१ आणि तीन किलोला ४३१ असं उत्तर येतं. एकाच स्प्रिंगची ताठरता वजनागणिक बदलत असेल तर स्प्रिंगला दोष देऊ नका, भागाकार तपासा.

हेलकाव्याच्या पद्धतीत ही भानगड नाही. वजन टांगून ते खाली-वर हलू दिलं, की मधल्या जागेपासून इकडे-तिकडे जाताना जो जोर बदलतो तो फक्त ताठरतेमुळे. सुरुवातीचा ताण कायम तेवढाच असतो, हेलकाव्याचा वेग तो बदलत नाही. अट एकच, हलताना आटे एकदाही मिटता कामा नयेत.

सूत्र

वजन टांगलेल्या स्प्रिंगचा एक पूर्ण हेलकावा, म्हणजे खाली जाऊन वर येऊन पुन्हा त्याच जागी त्याच दिशेने, याला लागणारा वेळ म्हणजे आवर्तकाळ. तो असा मिळतो:

आवर्तकाळ = २ × पाय (π) × वर्गमूळ (वस्तुमान ÷ ताठरता)

उलटवून घेतलं की

ताठरता = ३९.४८ × वस्तुमान ÷ आवर्तकाळाचा वर्ग

३९.४८ म्हणजे चार गुणिले पायचा वर्ग. सेकंदाला किती हेलकावे होतात, म्हणजे वारंवारता, हाताशी असेल तर भागण्याऐवजी तिच्या वर्गाने गुणा, उत्तर तेच. वस्तुमान किलोग्रॅममध्ये आणि वेळ सेकंदात ठेवलात तर उत्तर न्यूटन प्रति मीटरमध्ये येईल. ग्रॅम टाकलेत तर हजारपट फुगेल, आणि हे दरवर्षी माझ्या वर्गात कुणीतरी करतंच.

सूत्रात गुरुत्वाकर्षण कुठेच नाही, हे पाहून घ्या. ताण मोजण्याच्या पद्धतीत ते लागतं, आणि पुस्तकात ९.८१ असलं तरी सोलापुरात ते ९.७८ च्या आसपास आहे, कारण आपण विषुववृत्ताच्या बरेच जवळ आहोत आणि समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर. फरक हजारात तीन भाग, म्हणजे ०.३ टक्के. डॉबीच्या स्प्रिंगला त्याने काही बिघडत नाही, पण घड्याळाच्या पद्धतीत तो प्रश्नच उरत नाही.

ताणाच्या प्रमाणात जोर वाढतो हा नियम रॉबर्ट हूकचा. त्याने १६७६ मध्ये तो आधी अक्षरांची उलटापालट करून कोड्यासारखा छापला आणि १६७८ मध्ये उलगडून सांगितला. शोध आपल्या नावावर राहावा आणि कुणी ढापूही नये, अशी दुहेरी सोय.

टांगायचं कुठे

इथे लोक आळस करतात. स्प्रिंग हातात धरून, दाराच्या कडीला, पडद्याच्या दांडीला, टेबलाच्या कडेला चिकटवलेल्या पट्टीला. ही प्रत्येक जागा स्वतःच थोडी वाकते, म्हणजे तुम्ही दोन स्प्रिंगा एकाखाली एक टांगल्यात आणि मोजताय त्यांची जोडी. जोडी नेहमी एकट्यापेक्षा नरम असते. आधार स्प्रिंगच्या शंभरपट ताठ असेल तर एक टक्का चूक होते, दहापट असेल तर सरळ नऊ-दहा टक्के.

मी आमच्या जुन्या घराच्या माळवदात असलेली झोपाळ्याची कडी वापरली. कारखान्यात असाल तर मागाची बीडाची चौकट उत्तम, अर्थात माग बंद असताना. शेजारचे माग चालू असतील तर तेही थांबू द्या, नाहीतर वजन त्यांच्या ठोक्याने नाचतं. आम्ही एकदा लाइट गेल्याची वेळ साधून माप घेतलं, सगळा कारखाना गप्प, आणि जॉबर मागे उभा राहून विचारतोय, "काय करलालाव सर हे?"

खाली घडी घातलेली चादर टाका. सोलापुरात तिची उणीव नाही. हुक निसटला तर अडीच किलो लोखंड फरशीवर पडतं, आणि स्प्रिंग उसळून तोंडाकडे येते ती वेगळीच. त्यामुळे डोकं वजनाच्या वर कधीच नेऊ नका.

वजन किती आणि कशाचं

वजन निवडताना दोन गोष्टी पाहायच्या. आटे सगळे उघडले पाहिजेत, आणि हेलकावा मोजता येईल इतका सावकाश असला पाहिजे. सेकंदाला दोन-अडीच हेलकाव्यांपेक्षा जास्त झाले की डोळा आणि जीभ दोन्ही मागे पडतात. अंदाज नसेल तर कमी वजनापासून वाढवत जा.

मी एका जाड कापडी पिशवीत भंगारातले नट-बोल्ट भरले, तोंड करकचून बांधलं आणि पिशवीसकट किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर वजन केलं. एखादा वॉशर काढून-घालून बरोबर २.५०० किलो करता येतं. पिशवी सैल बांधली तर आतले बोल्ट घासत राहतात आणि हेलकावे लवकर मरतात.

पाण्याची बाटली वापरायचा मोह होतो. अर्धी भरलेली तर अजिबात नको, आतलं पाणी स्वतःचे वेगळे हेलकावे घेतं. काठोकाठ भरलेली चालेल, पण 'एक लिटर म्हणजे एक किलो' हे गृहीत धरू नका. उन्हाळ्यात आपल्या गच्चीवरच्या टाकीतलं पाणी ४० अंशांवर असलं तर लिटरमागे आठ ग्रॅम कमी भरतं. काट्यावर ठेवा, विषय संपला.

स्प्रिंग आणि पिशवी यांच्यामध्ये जो एस आकाराचा हुक किंवा तार असेल तीही वजनात धरायची. माझे हुक-तार मिळून १० ग्रॅम.

हेलकावे मोजणं: खरी मेहनत इथे

पिशवी शांत होऊ द्या. मग सरळ खाली एक-दीड सेंटिमीटर ओढून अलगद सोडा. ढकलू नका, बाजूला ओढू नका. माझ्या स्प्रिंगेत दोन किलोंना आटे ३८ मिलिमीटर उघडत होते, म्हणून दीड सेंटिमीटरचा हेलकावा सुरक्षित होता. वर येताना टक्-टक् आवाज आला तर समजा आटे मिटून एकमेकांवर आपटतायत. ते माप फेकून द्या, कमी ओढा किंवा वजन वाढवा.

मागे भिंतीवर, पिशवीच्या स्थिर जागेच्या उंचीला, एक रेघ मारून ठेवा. स्टॉपवॉच सुरू आणि बंद करायचं ते पिशवीवरची खूण या रेघेवरून खाली जाताना. बरेच जण सगळ्यात खालच्या टोकाला बटण दाबतात, कारण तिथे वजन 'थांबलेलं' दिसतं. तीच अडचण आहे: टोकाला ते इतकं रेंगाळतं की नेमका क्षण कोणता ते कळत नाही. मधल्या रेघेवर त्याचा वेग सर्वात जास्त, म्हणून क्षण धारदार.

रेघेवरून ते दर हेलकाव्याला दोनदा जातं, एकदा खाली आणि एकदा वर. फक्त खाली जातानाचंच मोजायचं. दोन्ही मोजलीत तर वारंवारता दुप्पट येईल आणि ताठरता चौपट.

बटण दाबताना म्हणायचं 'शून्य'. 'एक' नाही. 'एक' म्हणून सुरू करून 'पन्नास'ला थांबलात तर प्रत्यक्षात एकोणपन्नासच हेलकावे झालेले असतात. आवर्तकाळात दोन टक्के चूक, आणि वर्गामुळे ताठरतेत चार.

पन्नास हेलकावे का? माणसाचा अंगठा बटणावर दहावा-पाचवा हिस्सा सेकंद इकडे-तिकडे होतोच. एक हेलकावा अर्ध्या सेकंदाचा, त्यात ०.२ सेकंदांची चूक म्हणजे चाळीस टक्के. तीच चूक पन्नास हेलकाव्यांच्या पंचवीस सेकंदांत एक टक्क्याच्याही आत जाते, ताठरतेत दीड-दोन टक्के. फुकटात मिळालेली अचूकता, फक्त मोजत राहायचं.

पण मराठीत पन्नासपर्यंत झरझर मोजून बघा. 'एकोणचाळीस' म्हणेपर्यंत वजन खाली जाऊन वर येऊन पुन्हा निघालेलं असतं. म्हणून एक ते दहा पाच वेळा म्हणायचं आणि दर दहाला एक बोट मिटायचं. आमचा जॉबर तेलुगूत मोजत होता, ओकटी, रेंडू, मूडू अशी छान लय, आणि 'एनिमिदी, तोम्मिदी'ला दर वेळी अडखळायचा. शेवटी त्याने बोटं मिटली आणि आकडे मी मोजले.

प्रत्येक वजनाला तीनदा मोजा. तीन मापांत अर्ध्या सेकंदाहून जास्त फरक आला तर मोजणीतच एखादा हेलकावा गळलाय. त्याची सरासरी काढू नका, पुन्हा मोजा.

स्प्रिंगचं स्वतःचं वजन

वजनासोबत स्प्रिंगही हलते. पण सगळी सारखी नाही: वरचा आटा जागच्या जागी, खालचा आटा पिशवीइतका, मधले त्या प्रमाणात. गतिऊर्जा वेगाच्या वर्गावर चालते आणि शून्यापासून एकपर्यंत सरळ वाढणाऱ्या वेगाच्या वर्गाची सरासरी एक तृतीयांश येते. म्हणून टांगलेल्या वजनात स्प्रिंगच्या वजनाचा तिसरा हिस्सा मिळवायचा. निम्मा नाही, तिसरा. वजन स्प्रिंगच्या मानाने बरंच जड असेल तेव्हा हा हिशेब चोख बसतो.

माझी स्प्रिंग ९६ ग्रॅमची. तिसरा हिस्सा ३२ ग्रॅम.

आता अडीच किलोंचं माप घेऊ. पन्नास हेलकाव्यांना सरासरी २७.५८ सेकंद. आवर्तकाळ ०.५५१६, त्याचा वर्ग ०.३०४३. वस्तुमान २.५०० अधिक ०.०१० अधिक ०.०३२, एकूण २.५४२ किलो. ३९.४८ गुणिले २.५४२ बरोबर १००.३६, भागिले ०.३०४३, उत्तर ३३० न्यूटन प्रति मीटर. हुक आणि स्प्रिंगचं वजन सोडून दिलं असतं तर ३२४ आलं असतं.

हेच वर्कशॉपच्या भाषेत: ०.३३ न्यूटन प्रति मिलिमीटर, किंवा दर मिलिमीटरला सुमारे ३४ ग्रॅम. स्प्रिंगवाल्याला 'न्यूटन प्रति मीटर' सांगितलं तर तो तुमच्या तोंडाकडे बघत राहतो. 'एका एमएमला चौतीस ग्रॅम' म्हटलं की लगेच कळतं.

एका वजनावर विसंबू नका

मी चार वजनांवर मापं घेतली. दीड किलोला पन्नास हेलकावे २१.४७ सेकंद, दोनला २४.६६, अडीचला २७.५८, तीनला ३०.१३. आवर्तकाळाचे वर्ग अनुक्रमे ०.१८४४, ०.२४३२, ०.३०४३ आणि ०.३६३१. आलेखाच्या कागदावर आडवं वजन आणि उभा आवर्तकाळाचा वर्ग घेतला तर चारही बिंदू जवळपास एका सरळ रेषेत पडतात. रेषेचा चढ किलोमागे ०.११९५. ३९.४८ भागिले चढ, ३३०.

या पद्धतीची गंमत अशी की हुकाचं आणि स्प्रिंगचं वजन तुम्ही साफ विसरलात तरी चढ बदलत नाही. उलट ते वजनच आलेखातून बाहेर पडतं: रेषा मागे वाढवली तर ती वजनाच्या अक्षाला शून्याच्या डावीकडे सुमारे ४२ ग्रॅमवर कापते. तिसरा हिस्सा ३२ आणि हुक १०. हे जुळलं तेव्हा मी खरोखर एकटाच हसलो.

बिंदू रेषेत पडत नसतील तर बहुधा सर्वात हलकं वजन दोषी असतं, आटे पूर्ण उघडलेले नसतात.

वजन झोके घ्यायला लागलं तर

दोन किलोंवर मला एक विचित्र अनुभव आला. नीट सरळ खाली ओढून सोडलं, दहा-बारा हेलकावे सुरेख झाले, आणि मग पिशवी हळूहळू घड्याळाच्या लंबकासारखी डावी-उजवी झुलू लागली. खाली-वर जाणं जवळजवळ थांबलं. थोड्या वेळाने झुलणं कमी होऊन परत खाली-वर सुरू. मला आधी वाटलं पंख्याचा वारा असेल. पंखा बंद केला, तरी तेच.

नागपंचमीला झोक्यावर उभं राहून झोका चढवणाऱ्या पोरी आठवा. एका झोक्यात त्या दोनदा गुडघे वाकवून उठतात, आणि झोका चढत जातो. इथेही तेच. खाली-वर होण्याची वारंवारता झुलण्याच्या वारंवारतेच्या बरोबर दुप्पट आली की प्रत्येक हेलकावा झुलण्याला हात देतो. हिशेबात हे तेव्हा घडतं जेव्हा वरच्या कडीपासून पिशवीच्या मध्यापर्यंतची लांबी, वजनाचा जोर भागिले ताठरता, याच्या चौपट असते. दोन किलोंचा जोर १९.५६ न्यूटन, भागिले ३३०, म्हणजे ५९ मिलिमीटर. चौपट साधारण २४ सेंटिमीटर. माझी लांबी होती २५-२६. बरोबर सापळ्यात.

उपाय सोपा: स्प्रिंग आणि पिशवीमध्ये वीतभर बांधणीची तार घाला. लंबक लांबला, झुलण्याचा काळ बदलला, दोघांची मैत्री तुटली. नायलॉनची दोरी मात्र नको, ती स्वतःच ताणते. वर दिलेलं दोन किलोंचं माप आणि बाकीची तीनही या तारेसकटच घेतलेली आहेत, म्हणूनच तार हुकाच्या दहा ग्रॅममध्ये धरलेली आहे.

हेलकावे लवकर थांबतात, मग उत्तर चुकतं का?

जवळजवळ नाही. पन्नास हेलकाव्यांत उंची निम्मी झाली तर वारंवारतेवरचा परिणाम दहा लाखांत दोन-तीन भाग. अगदी दर हेलकाव्याला उंची निम्मी होत असली, तरी ताठरतेत फक्त सव्वा टक्का चूक. असं असेल तर अडचण वेगळीच असते: मोजायला हेलकावेच उरत नाहीत.

तेव्हा मोबाइल कामाला येतो. फायफॉक्स नावाचं मोफत अ‍ॅप आहे, जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठात बनवलेलं. त्यात स्प्रिंगचा प्रयोग तयारच आहे. फोन वजनासोबत टांगला की आतला संवेदक आवर्तकाळ आणि वारंवारता थेट दाखवतो. फोन आणि त्याचं कव्हर वजनात धरा, आणि बांधा घट्ट. माझ्या स्प्रिंगेला नुसता फोन लावून उपयोग नव्हता, आटेच उघडले नसते. पिशवीला बांधून लावला.

दाबाच्या स्प्रिंगांना हाच मार्ग सोयीचा. त्या टांगता येत नाहीत, त्यांवर वजन ठेवावं लागतं, आणि त्या बहुतेक कडक असतात. २० न्यूटन प्रति मिलिमीटरची स्प्रिंग घेऊन पाच किलो ठेवलात तर सेकंदाला दहा हेलकावे होतात. तोंडाने मोजणं अशक्य, फोनला सहज. आत एक सळई घालून स्प्रिंग कलंडू देऊ नका, पण सळई घासली तर हेलकावे दोन-तीनच मिळतात, म्हणून तेलाचा थेंब. वजन उसळून सुटू नये इतकाच हलका धक्का द्या.

उलटतपासणी

आकडा हातात आला की तो दुसऱ्या वाटेने पडताळून पाहायचा. पहिली वाट ताणाचीच, पण यावेळी फरकाने. दीड किलोला स्प्रिंग २३ मिलिमीटर ताणली, तीन किलोला ६८. जादा दीड किलो म्हणजे १४.६७ न्यूटन, जादा ताण ४५ मिलिमीटर. भागाकार ३२६. घड्याळाच्या ३३० शी टक्काभराच्या फरकाने जुळलं. सुरुवातीचा ताण दोन्ही मापांत होता, वजाबाकीत उडाला. पहिल्याच दिवशी मी दोन वजनं लावली असती तर हा लेख लिहावा लागला नसता.

तो सुरुवातीचा ताणही आता काढता येतो. दोन किलोंचा जोर १९.५६, त्यातून ३३० गुणिले ०.०३८, म्हणजे १२.५४ वजा. उरले ७ न्यूटन, सुमारे सातशे ग्रॅम. अर्ध्या किलोला स्प्रिंग का हलली नव्हती, त्याचं उत्तर.

दुसरी वाट व्हर्निअरची, म्हणजे जाडी आणि व्यास बारकाईने मोजण्याच्या पट्टीची. पोलादी तारेसाठी ताठरता, न्यूटन प्रति मिलिमीटरमध्ये, अशी:

७९००० × तारेच्या जाडीचा चौथा घात ÷ (८ × मध्यव्यासाचा घन × आट्यांची संख्या)

तार २ मिलिमीटर, बाहेरचा व्यास २२, म्हणून मध्यव्यास २०, आटे ६०. उत्तर ०.३२९. इतकं जुळणं थोडं नशिबाचंच म्हणायचं, कारण जाडीचा चौथा घात मोठा निर्दय आहे. तार १.९८ निघाली असती तर चार टक्के कमी, १.९ निघाली असती तर साडेअठरा टक्के. गंज आणि ऑइलचा थर पुसल्याशिवाय व्हर्निअर लावू नका, आणि आटे मोजताना हुकाकडे वळलेला अर्धा आटा धरायचा की नाही यावर वाद घालत बसू नका, साठात अर्ध्याने काही होत नाही. म्हणूनच मी व्हर्निअरला साक्षीदार मानतो, न्यायाधीश घड्याळालाच.

चिठ्ठीवर काय लिहायचं

माझ्या पहिल्या चिठ्ठीवर एकच आकडा होता. दुसऱ्यांदा लिहून दिलं: तार २ मिलिमीटर, बाहेरचा व्यास २२, आटे ६०, हुकाच्या आतून आतपर्यंत लांबी किती, हुक एकाच दिशेला की उलट, एका मिलिमीटरला ३४ ग्रॅम, आणि सातशे ग्रॅमपर्यंत आटे उघडता कामा नयेत. शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची. ताठरता बरोबर आणि सुरुवातीचा ताण नाही अशी स्प्रिंग आली तर फ्रेम खाली परत आणणारा जोर कमी पडतो, ताण्याचे धागे पुरते खाली बसत नाहीत आणि धोटा त्यांत अडकतो. शक्य असेल तर चिठ्ठीसोबत शाबूत स्प्रिंगच पाठवा.

माल आल्यावर प्रत्येक स्प्रिंगेला तीच अडीच किलोंची पिशवी, तोच हुक, तीच तार लावून पन्नास हेलकावे मोजले. मूळ स्प्रिंगचे २७.६ सेकंद. २७.२ ते २८.० मध्ये आलेली स्प्रिंग ताठरतेत तीन टक्क्यांच्या आत असते, ती ठेवायची. बारापैकी अकरा बसल्या. एक २८.४ सेकंदांवर गेली, तिचे आटे जास्त होते की तार बारीक होती ते पाहायला मी व्हर्निअर शोधत होतो, तेवढ्यात जॉबरने ती ओढून "ही ढिली" म्हणून आधीच बाजूला ठेवली होती.

पहिल्या बारा स्प्रिंगांचे पैसे मीच भरले. त्या आता आमच्या लॅबच्या कपाटात आहेत, प्रॅक्टिकलला पोरांच्या हाती देतो. त्यांचं उत्तर ५१५ च्या आसपास येतं. स्प्रिंगवाल्याने माझं अगदी तंतोतंत ऐकलं होतं.